युद्धाचं भविष्य सांगणारा एच. जी. वेल्स जमिनीवर पालथा पडून शिशाच्या सैनिकांशी का खेळायचा?

दुपारचं जेवण उरकलं होतं, कॉफी अजून यायची होती. इंग्लंडच्या दक्षिणेला केंट काउंटीत समुद्राकाठी सँडगेट नावाचं गाव आहे. तिथल्या एका घरात दोन लेखक जेवायला बसले होते. खोलीभर लहान पोरांच्या खेळण्यांचा पसारा. बाजूच्या छोट्या टेबलावर चार-पाच शिशाचे सैनिक आणि स्प्रिंगवर चालणारी खेळण्यातली एक तोफ.

पाहुण्याला राहवलं नाही. त्यानं खुर्ची ओढली, तोफेत लाकडाची गोळी भरली, नेम धरला आणि सोडली. एक सैनिक आडवा. पाहुण्याची कॉलर टाईट झाली आणि त्यानं यजमानाला तिथल्या तिथं चॅलेंज दिलं. यजमानानंही ते लगेच घेतलं.

हा यजमान म्हणजे एच. जी. वेल्स. 'द टाइम मशीन', 'द इनव्हिजिबल मॅन' आणि 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' लिहिणारा. पाहुण्याचं नाव त्यानं पुढे लिहिताना जे. के. जे. अशा आद्याक्षरांमागे लपवलं, पण तो 'थ्री मेन इन अ बोट'वाला जेरोम के. जेरोम होता असंच मानलं जातं. म्हणजे अख्ख्या इंग्लंडला माहीत असलेले दोन घोडे लेखक पोरांच्या तोफेनं सैनिक पाडत बसले होते. कॉफी बहुतेक गार झाली असणार.

आता जरा आजच्या काळात या. मित्राच्या घरी तुम्ही पहिल्यांदाच फँटसी मिनिएचर गेम खेळायला बसलाय. मोठा बॉक्स उघडतो, आतून बोटाएवढे ड्रॅगन, जादूगार, बुटके योद्धे, सांगाडे निघतात. कुणीतरी रात्र रात्र जागून बारीक ब्रशनं ते रंगवलेले असतात. अर्धा तास नियम समजून घेण्यात जातो आणि खेळ सुरू झाल्यावर पाच मिनिटांत सगळे विसरतात. मग मेजरिंग टेप निघते. माझा तिरंदाज तुझ्या ड्रॅगनपर्यंत पोचतो की नाही, यावर अर्ध्या इंचासाठी भांडण होतं. तीन तास कुठे गेले कळत नाही.

अंतर मोजून सैनिक हलवणं, आळीपाळीनं चाल करणं, टेबलावर झाडं-घरं-टेकड्या मांडून त्यांच्याआड लपणं, ही या खेळाची घडी बऱ्याच अंशी बसली ती वेल्सच्या घरातल्या जमिनीवर. म्हणून या खेळाची हौशी मंडळी त्याला मिनिएचर वॉरगेमिंगचा बाप म्हणतात.

पण गोष्ट इथं संपत नाही. हा खेळ लिहून काढताना वेल्सनं युद्धाबद्दल एक ठाम दावा केला होता. दीडेक वर्षात तोच दावा गिळायची वेळ त्याच्यावर आली.

मोडलेला पाय

हर्बर्ट जॉर्ज वेल्सचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ चा, लंडनजवळच्या ब्रॉम्लीचा. वडील जोसेफ यांचं काचेच्या आणि चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान होतं. तिथंच ते क्रिकेटचं सामानही विकायचे. दुकान चालायचं नाही, कारण मालकाचं लक्ष मैदानावर. क्रिकेटवेड्या वाचकांसाठी एक माहिती, हे जोसेफ वेल्स केंटकडून खेळायचे आणि १८६२ मध्ये ससेक्सविरुद्ध त्यांनी सलग चार चेंडूंवर चार विकेट काढल्या होत्या. फर्स्ट क्लास क्रिकेटमध्ये असं करणारे ते पहिले. त्या चौघांत कादंबरीकार जेन ऑस्टिनच्या पुतण्याचा मुलगाही होता.

आई सारा लग्नाआधी मोठ्या घरात मालकिणीची दासी होती. गरिबी होती, पण आपण नोकर-मजुरांपेक्षा एक पायरी वर आहोत हे दाखवायची धडपडही होती. असल्या घरातली पोरं कशी वाढतात हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

१८७४ मध्ये सात वर्षांच्या हर्बर्टचा पाय मोडला आणि तो कित्येक आठवडे अंथरुणाला खिळला. वडील वाचनालयातून पुस्तकं आणून द्यायचे. पोरगं पडल्या पडल्या वाचत सुटलं. हा पाय मोडला नसता तर आपण दुकानातच म्हातारे झालो असतो, असं तो पुढे मानायचा. तीन वर्षांनी वडिलांचा पाय मोडला. तेव्हा मात्र क्रिकेटची कमाई बंद झाली आणि घर बसलं.

आई ससेक्समधल्या अपपार्क नावाच्या मोठ्या हवेलीत हाउसकीपर म्हणून गेली. हर्बर्टला कापडाच्या दुकानात उमेदवारीला चिकटवलं. साउथसीच्या त्या दुकानात दिवसाचे तेरा तास उभं राहायचं, रात्री इतर पोरांबरोबर एका लांबलचक खोलीत झोपायचं. दोन वर्षं त्यानं काढली. एका रविवारी मात्र तो सतरा मैल चालत आईकडे गेला आणि आता हे जमणार नाही म्हणून सांगून टाकलं.

पुढं शाळेत शिकवता शिकवता शिकणं, १८८४ मध्ये लंडनच्या सायन्स कॉलेजची स्कॉलरशिप, आठवड्याला एक गिनी. शिकवायला कोण, तर टी. एच. हक्सली, डार्विनच्या बाजूनं अख्ख्या इंग्लंडशी भांडलेला माणूस. पण हक्सलीचं वर्ष संपलं आणि वेल्सचं लक्ष उडालं. शेवटच्या परीक्षेत तो चक्क नापास झाला. वेल्समधल्या एका शाळेत नोकरी धरली, तिथं फुटबॉल खेळताना मूत्रपिंडाला मार बसला, मग तोंडातून रक्त पडायला लागलं. थोड्या दिवसांनी लंडनच्या दुसऱ्या एका शाळेत तो मास्तर झाला. तिथं हेडमास्तरांचा एक छोटा मुलगा त्याच्या हाताखाली शिकला, ए. ए. मिल्न. हाच मिल्न पुढे मुलाच्या खेळण्यातल्या अस्वलावर 'विनी द पू' लिहून अजरामर झाला. खेळण्यांचं हे कनेक्शन निव्वळ योगायोगाचं, पण भारी आहे.

धडधाकट माणसाची कामं झेपेनात म्हणून वेल्स लिहायला बसला. १८९५ मध्ये 'द टाइम मशीन' आलं आणि त्यानंतर तीन वर्षांत एकामागोमाग एक हिट. १९०१ मध्ये त्यानं सँडगेटला समुद्रासमोर स्वतःचं घर बांधलं, स्पेड हाउस. त्याच वर्षी मुलगा झाला, जॉर्ज फिलिप, लाडानं जिप. १९०३ मध्ये दुसरा, फ्रँक. आणि लहानपणी ज्याच्याकडे फारशी खेळणी नव्हती त्या माणसाच्या घरात खेळण्यांचा पूर आला.

जमीन हाच समुद्र

वेल्सनं १९११ मध्ये 'फ्लोअर गेम्स' नावाचं छोटं पुस्तक काढलं. पोरांबरोबर जमिनीवर काय काय खेळता येतं, एवढाच विषय. पण वाचताना कळतं की हा माणूस या बाबतीत किती सीरियस होता. जमीन कशी हवी इथपासून सुरुवात. लिनोलियम किंवा कॉर्कचं अंथरूण हवं, म्हणजे सैनिक नीट उभे राहतात आणि खडूच्या रेघा उमटतात. मग जमीन म्हणजे समुद्र, लाकडी फळ्या म्हणजे बेटं. जिप आणि फ्रँक जहाजं घेऊन बेटांवर उतरायचे. दुसऱ्या दिवशी तिथंच दोन शहरं उभी राहायची आणि दोघं भाऊ दोन शहरांचे कारभारी व्हायचे.

दुकानदारांवर त्याचा एक राग होता. बाजारात खेळण्यातली माणसं मागायला गेलं की सैनिकच मिळायचे. पोस्टमन, हमाल, वाणी, साधी रस्त्यावरची माणसं मिळायचीच नाहीत. मग शहर वसवायचं कसं?

आणि तरी दोन वर्षांनी आलेलं, जास्त गाजलेलं पुस्तक सैनिकांचंच होतं, 'लिटल वॉर्स', साल १९१३. त्याचं लांबलचक उपशीर्षक सांगतं की हा खेळ बारा ते दीडशे वर्षं वयाच्या मुलांसाठी आहे, आणि मुलांचे खेळ व पुस्तकं आवडणाऱ्या जरा जास्त हुशार मुलींसाठीही. गंमत म्हणून लिहिलंय, पण आज वाचताना कपाळावर आठी येतेच. लंडनच्या रस्त्यांवर बायका मतदानाच्या हक्कासाठी मार खात होत्या ते हेच वर्ष. बरं, या पुस्तकातले फोटो काढले कुणी? वेल्सच्या बायकोनं, अ‍ॅमी कॅथरीननं.

आता हा खेळ त्यानंच शोधला का? तर नाही. सैन्याच्या लढाईवरून खेळ बनवणं आपल्याकडच्या चतुरंगाइतकं जुनं. प्रशियाच्या लष्करात १८२४ पासून क्रीगश्पील नावाचा नकाशावरचा खेळ अधिकाऱ्यांना शिकवला जायचा. 'ट्रेझर आयलंड' लिहिणारा स्टीव्हन्सनही सावत्र मुलाबरोबर खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाया लढायचा. वेल्सचं काम वेगळं होतं. लष्करी ट्रेनिंग नसलेली चार मित्रमंडळी घरात बसून, दुकानात मिळणाऱ्या खेळण्यांवर, एका संध्याकाळी संपवू शकतील असे नियम त्यानं बसवले आणि सगळ्यांसाठी छापले.

हे नियम कसे जन्मले ते बघण्यासारखं आहे, कारण नवा गेम खेळताना आजही अगदी तसंच होतं.

जेरोमच्या त्या दुपारनंतर सुरुवातीला नुसती नेमबाजी होती. मग वेल्सच्या डोक्यात आलं की सैनिकांना आडोसा पाहिजे. विश्वकोशाचे जाडजूड खंड जमिनीवर मांडले, झाल्या टेकड्या. पुढे लाकडी ठोकळ्यांची घरं, फळ्यांना भोकं पाडून त्यात खोचलेल्या डहाळ्यांची झाडं. मित्र जमले, त्यात बोअर युद्धातून नुकताच परतलेला एक खराखुरा कॅप्टनही होता. खेळताना लक्षात आलं की तोफा फारच भारी पडतायत, सगळे जण आडोशाला दडून बसतात आणि कुणी पुढं येतच नाही. गेमर्सच्या भाषेत सांगायचं तर तोफ ओव्हरपॉवर्ड होती.

मग तोफेला लगाम घातला. एका चालीत चारच गोळ्या. त्याही तोफेच्या सहा इंचांच्या आत स्वतःची चार माणसं उभी असतील तरच. आणि एका चालीत तोफ एक तर हलेल, नाही तर उडेल, दोन्ही नाही. पायदळ एका चालीत एक फूट, घोडदळ दोन फूट. मोजायला प्रत्येक खेळाडूकडे दोऱ्याचे दोन तुकडे, एक दोन फुटांचा, दुसरा सहा इंचांचा.

वेळेचाही नियम होता. दर तीस सैनिकांमागे एक मिनिट आणि प्रत्येक तोफेमागे एक मिनिट. म्हणजे ११० माणसं आणि तीन तोफा असतील तर सात मिनिटांत सगळी चाल उरकायची. ज्यांच्या ग्रुपमध्ये एकेका चालीला वीस वीस मिनिटं विचार करणारा एक तरी मित्र आहे, त्यांना या नियमाची किंमत कळेल.

समोरासमोर गाठ पडली की माणसाला माणूस कापला जायचा. आपल्या लोकांपासून तुटलेली छोटी तुकडी कैद व्हायची. आणि फासा? फासा नव्हताच. नशीब होतं ते सगळं तोफेच्या स्प्रिंगमध्ये आणि नेम धरणाऱ्याच्या डोळ्यात. त्यासाठी जमिनीवर पालथं पडायचं, गाल जमिनीला टेकवायचा आणि शिशाच्या सैनिकाला जेवढं दिसतं तेवढंच बघून नेम धरायचा. पंचेचाळिशीचा, सुटाबुटातला, जगप्रसिद्ध लेखक. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'नं जानेवारी १९१३ मध्ये त्याचं खेळतानाचं चित्रच छापलं.

शेवटचं प्रकरण

आतापर्यंत हे सगळं मजेचं वाटतं. पुस्तकाच्या शेवटी मात्र वेल्सचा सूर बदलतो.

त्याचं म्हणणं साधं होतं. या खेळात डावपेच आहेत, धाकधूक आहे, जिंकल्याचा आनंद आहे, पण फुटलेली शरीरं नाहीत, उद्ध्वस्त घरं नाहीत. मग खऱ्या युद्धाची हौस असलेल्यांनी हेच खेळावं ना. त्यानं चक्क योजना मांडली. मिरवायची हौस असलेले राजे, भीती पसरवणारे मूर्ख आणि देशभक्तीचा गळा काढणारे, सगळ्यांना एका प्रचंड युद्धमंदिरात नेऊन ठेवायचं. तिथं सगळीकडे कॉर्कचं अंथरूण, पाडायला छोटी झाडं, छोटी घरं, तळघरं भरून शिशाचे सैनिक. खेळा म्हणावं हवं तेवढं आणि आम्हाला आमचं जगू द्या.

त्यापुढचा मुद्दा जास्त टोकदार. हा खेळ तीन-चार वेळा खेळलात की खरं युद्ध किती गोंधळाची, चुकांवर चुका होणारी गोष्ट असेल हे आपोआप कळतं, असं त्यानं लिहिलं. शंभर शिशाचे सैनिक आणि आठ-दहा मित्र असताना घोळ होतात. खऱ्या लढाईत लाखो जिवंत माणसं असतात आणि ती हलवणारे सेनापतीही याच मित्रांसारखे गोंधळलेले असतात.

पुस्तकाला एक परिशिष्टही आहे. त्यात वेल्स सांगतो की लष्करातल्या बऱ्याच लोकांनी त्याला पत्रं लिहिली, आणि सल्ल्याबद्दल तो विशेष आभार मानतो ते कर्नल मार्क साइक्सचे. नाव ओळखीचं वाटलं? १९१६ मध्ये मध्यपूर्वेच्या नकाशावर रेघा मारून ब्रिटन आणि फ्रान्समध्ये वाटणी करणाऱ्या साइक्स-पिको करारातला साइक्स तो हाच. त्या रेघांचे परिणाम आजही बातम्यांमध्ये दिसतात.

पुस्तक आलं १९१३ मध्ये. ४ ऑगस्ट १९१४ ला ब्रिटन पहिल्या महायुद्धात उतरलं.

वेल्सनं काय केलं? युद्ध मूर्खपणा आहे म्हणून लिहिणारा हा माणूस लगेच पेन घेऊन बसला आणि युद्धाच्या बाजूनं लेखांमागून लेख लिहिले. जर्मनीची लष्करशाही एकदा मोडली की पुन्हा युद्धच होणार नाही, असा त्याचा युक्तिवाद. त्या लेखांचं पुस्तक त्याच वर्षी निघालं, 'द वॉर दॅट विल एंड वॉर', म्हणजे युद्ध संपवणारं युद्ध. हे शब्द इतके गाजले की त्या महायुद्धाची ओळखच बनले, आणि पुढे टिंगलही.

त्याच्या घरात त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडत होती, खरं तर घराबाहेर. लेखिका रिबेका वेस्टशी त्याचे संबंध होते आणि युद्ध पुकारलं त्याच सुमारास तिला वेल्सपासून मुलगा झाला, अँथनी. कॅथरीनला हे सगळं ठाऊक होतं. बायकांच्या बाबतीत वेल्सचं वागणं हा वेगळा आणि लांबलचक विषय आहे. नव्या समाजाबद्दल व्याख्यानं देणाऱ्या माणसानं घरच्या बायकोला काय काय सहन करायला लावलं, हे त्याच्या चाहत्यांना आजही नीट सांगता येत नाही.

जिप तेव्हा तेरा वर्षांचा होता, फ्रँक अकराही नव्हता. म्हणून वाचले. चार-पाच वर्षं आधी जन्मले असते तर दोघंही खंदकात गेले असते. वेल्सला हे दिसत नव्हतं असं नाही. १९१६ मध्ये त्याची 'मिस्टर ब्रिटलिंग सीज इट थ्रू' ही कादंबरी आली. गावात मजेत राहणारा, थोडा त्याच्यासारखाच एक लेखक सुरुवातीला युद्धाच्या उत्साहात असतो आणि मग त्याचा मुलगा आघाडीवर मारला जातो. इंग्लंड-अमेरिकेत ती प्रचंड खपली. घराघरातून मुलं गेलेली होती.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सोमच्या लढाईत पहिल्यांदा रणगाडे उतरले. वेल्सनं १९०३ मध्येच 'द लँड आयर्नक्लॅड्स' या कथेत तसली यंत्रं लिहून ठेवली होती. चर्चिलनंही पुढे या कल्पनेचं श्रेय त्याला दिलं. जमिनीवर खेळताना तो तोफेला लगाम घालत होता आणि कथांमधून आणखी मोठी हत्यारं सुचवत होता, हा विरोधाभास तुम्हाला सोडवता आला तर बघा.

युद्ध संपलं, पण युद्धं संपली नाहीत. वेल्सनं जगाचा इतिहास लिहायला घेतला. 'द आउटलाइन ऑफ हिस्टरी' १९२० मध्ये पुस्तकरूपात आलं आणि लाखोंनी खपलं. यात त्यानं सगळ्यात उंच जागा दिलेल्या राजांपैकी एक भारतातला आहे, सम्राट अशोक. कारण एकच, जिंकल्यानंतर युद्ध सोडून देणारा राजा त्याला दुसरा सापडला नाही. पंडित नेहरूंनी तुरुंगातून इंदिरेला जगाचा इतिहास सांगणारी पत्रं लिहिली तेव्हा त्यांच्या हाताशी वेल्सचं हे पुस्तक होतं.

सैनिक पेटीत गेले

१९३४ मध्ये वेल्सचं आत्मचरित्र आलं. त्यात 'लिटल वॉर्स'चा उल्लेख आहे, पण जुना खेळकर सूर नाही.

तो सांगतो की तेरा-चौदा वर्षांचा असताना ब्रॉम्लीच्या टेकडीवर एकटा फिरताना तो मनातल्या मनात लढाया लढायचा. आपण मोठे सेनापती, आपण शत्रूला चिरडतोय. मोठेपणीच्या खेळात त्याला त्याच दिवास्वप्नाची चव यायची. आणि तो खेळ त्यानं खेळला तो १९१४ पर्यंतच. त्यानंतर सैनिक पेटीत गेले.

मग तो काही नावं घेतो. जबाबदारीच्या जागांवर बसलेली, पण डोक्यात अजून हेच शिशाचे सैनिक असलेली आणि म्हणून राजकारणात पोरकट राहिलेली माणसं. त्या नावांत विन्स्टन चर्चिल आहे आणि लिओ अ‍ॅमरीही.

इथं आपण थांबून बघायला हवं. चर्चिलकडे लहानपणी जवळजवळ १५०० खेळण्यातले सैनिक होते, हे त्यानं स्वतःच आत्मचरित्रात लिहिलंय. अ‍ॅमरी जन्मला आपल्या गोरखपूरला. वेल्सनं हे लिहिलं तेव्हा दोघंही सत्तेबाहेर होते. सहा वर्षांनी चर्चिल ब्रिटनचा पंतप्रधान झाला आणि अ‍ॅमरी भारतमंत्री. चले जाव चळवळीत झालेली धरपकड आणि १९४३ चा बंगालचा दुष्काळ, दोन्ही याच जोडीच्या काळातले. अ‍ॅमरी धान्य पाठवण्यासाठी चर्चिलशी भांडत होता हेही खरं, आणि ते पुरेसं आलं नाही हेही खरं. वेल्सला १९३४ मध्ये यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. त्यानं फक्त दोन खेळाडू ओळखले होते. स्वतःलाही त्याच रांगेत उभं करून.

शेवटची वर्षं त्यानं लंडनमध्येच काढली, बॉम्ब पडत असतानाही. माणसाचे हक्क लिहून काढावेत म्हणून १९४० मध्ये त्यानं मोहीम चालवली. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा १९४८ मध्ये आला, त्याआधीच्या प्रयत्नांमध्ये या मोहिमेचं नाव घेतलं जातं. १९१४ च्या 'द वर्ल्ड सेट फ्री' कादंबरीत त्यानं अणुबॉम्ब नावाचं अस्त्र लिहिलं होतं. ती कादंबरी वाचलेला शास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यानं पुढं अणूच्या साखळी प्रक्रियेची कल्पना मांडली. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमाची बातमी आली तेव्हा वेल्स जिवंत होता, आजारी होता. १३ ऑगस्ट १९४६ ला तो गेला. आपल्या थडग्यावर काय लिहावं, याची थट्टा त्यानं आधीच करून ठेवली होती. मी आधीच सांगितलं होतं आणि तुम्ही गाढवं निघालात, अशा अर्थाची. थडगं मात्र झालंच नाही, अस्थी समुद्रात सोडल्या गेल्या.

जमिनीवरचे खेळ मात्र भलतीकडे पोचले. मार्गारेट लोवेनफेल्ड या डॉक्टर बाईंनी 'फ्लोअर गेम्स' वाचलं होतं. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी लंडनमध्ये मुलांसाठी क्लिनिक सुरू केलं आणि बोलू न शकणाऱ्या, घाबरलेल्या मुलांसमोर वाळूचा ट्रे आणि छोट्या खेळण्यांची पेटी ठेवली. मुलं आपापलं जग मांडायची आणि डॉक्टरांना त्यातून कळायचं. आजची सँडप्ले थेरपी इथून निघते. तिथल्या पेटीत फक्त सैनिक नव्हते, साधी माणसंही होती.

दुसरी वाट अमेरिकेला गेली. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा गावात गॅरी गायगॅक्स आणि त्याचे मित्र टेबलावर मध्ययुगीन लढाया खेळायचे. १९७१ मध्ये गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी 'चेनमेल' नावाचे नियम छापले आणि पाठीमागे एक फँटसी पुरवणी जोडली. त्यात जादूगार आले, ड्रॅगन आले. तीन वर्षांनी, १९७४ मध्ये, गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला. इंग्लंडमध्ये १९८३ ला 'वॉरहॅमर' निघाला. 'लिटल वॉर्स'ची नवी आवृत्ती २००४ मध्ये निघाली तेव्हा प्रस्तावना लिहिली ती गायगॅक्सनंच.

बदललं बरंच. जमिनीवरून खेळ टेबलावर आला, शिशाच्या जागी प्लास्टिक आणि रेझिन आलं, दोऱ्याच्या जागी टेप, स्प्रिंगच्या तोफेच्या जागी मूठभर फासे. एक गोष्ट मात्र पहिल्यांदाच खेळायला आलेल्या माणसाला हमखास विचित्र वाटते. खेळ रंगात आला की कुणीतरी एकदम खाली वाकतं, टेबलाला गाल टेकवतं, एक डोळा मिटतं आणि बोटाएवढ्या तिरंदाजाच्या मागून बघायला लागतं. त्या भिंतीआडचा ड्रॅगन त्याला दिसतोय की नाही.